पडलेले शेअर, सावरणारा बाजार आणि फळछाटणीचे पैसे

प्रश्न : ताई, नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. बी.एस्सी. करून पुण्यात काही वर्षं नोकरी केली, आता पूर्णवेळ शेती बघतो. यंदा बेदाण्याला भाव चांगला मिळाला, नऊ लाख हातात आहेत. बाजार पडला की घ्यायचं आणि सावरला की विकायचं, यासाठी मी एक्सेलमध्ये एक पद्धत बसवली आहे. निफ्टी ५०० (एनएसई या शेअर बाजारातल्या ५०० मोठ्या कंपन्यांची यादी) मधले जे शेअर वर्षभराच्या उच्चांकापासून निम्म्याहून जास्त पडलेत आणि ज्यांचा पीई (शेअरचा भाव भागिले शेअरमागची वार्षिक कमाई) १२ च्या आत आहे, ते सगळे सारख्या रकमेने घ्यायचे. २३ मार्च २०२० पासून हिशोब लावला तर दीड वर्षात पैसे साडेतीन पट होतात. सध्या यादीत २६ नावं आहेत. पुण्याचा मित्र म्हणतो, ब्रोकरकडून एमटीएफ (शेअर घेण्यासाठी उसने पैसे) घे आणि दुप्पट रक्कम घाल. बायको विचारते, पडलेलं सगळं स्वस्तच असतं का? सल्ला द्या.
— एक बागायतदार

उत्तर : दादा, नमस्कार. पत्रासोबत तुम्ही शीटही पाठवलीत ते बरं झालं. त्यामुळे हवेत बोलावं लागत नाही, तुमच्याच आकड्यांवर बोलता येतं.

आधी तुमच्या बाजूने बोलते. मंदीतून बाजार वर येतो तेव्हा सगळ्यात जोरात तेच शेअर उसळतात जे सगळ्यात जास्त आपटलेले असतात, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. केंट डॅनियल आणि टोबियास मॉस्कोविट्झ या दोन अभ्यासकांनी २०१६ मध्ये अमेरिकेच्या बाजाराबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा मी कधी विसरत नाही. मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत, त्याआधी सर्वाधिक पडलेल्या दहा टक्के शेअरांचा गट १६३ टक्के वाढला. आधी सर्वाधिक चढलेल्या दहा टक्क्यांचा गट वाढला फक्त ८ टक्के. जे चढतंय ते घ्या, ही मोमेंटमवाल्यांची पद्धत एरवी वर्षानुवर्षं चालते, आणि अशा वळणावर नेमकी तोंडावर आपटते. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, वर्नर डी बाँट आणि रिचर्ड थेलर यांनी दाखवलं होतं की काही वर्षं मार खाल्लेल्या शेअरांचा गट पुढच्या तीन वर्षांत आधीच्या विजेत्यांच्या गटापेक्षा साधारण २५ टक्क्यांनी पुढे जातो. थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे पाया भक्कम आहे. पण हे निष्कर्ष गटाचे आहेत, आणि गटातले किती शेअर शून्याकडे गेले ते सरासरीत दिसत नाही. ज्याच्याकडे शंभर नावं घेण्याइतका पैसा आहे त्याला सरासरी मिळते. तुम्ही २६ घेणार, त्यातही बहुधा जी नावं ओळखीची वाटतील ती. तुमच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एका वाक्यात विचारलेला प्रश्न तुमच्या शीटने विचारलेलाच नाही.

आता शीटकडे येऊ. साडेतीन पट हा आकडा तीन गोष्टींमुळे फुगलाय.

पहिली गोष्ट सुरुवातीच्या तारखेची. २३ मार्च २०२० ला निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला आणि बंद भावाने तोच तळ ठरला. हे आपल्याला आज माहीत आहे. त्या संध्याकाळी कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच रात्रीपासून महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली होती. तुमचीच पद्धत २८ फेब्रुवारी २०२० पासून लावून बघा. त्या दिवशीही बाजार चांगलाच पडला होता, निफ्टी ११,२०१ वर होता, लोक ‘खरेदीची संधी’ म्हणत होते. तिथून पुढच्या तीन आठवड्यांत आणखी ३२ टक्के गेले. ज्या पद्धतीचा नफा सुरुवातीची तारीख महिनाभर मागेपुढे केल्यावर इतका हलतो, त्या नफ्यातला मोठा वाटा तारखेचा असतो.

दुसरी गोष्ट यादीची. तुम्ही निफ्टी ५०० ची आजची यादी डाउनलोड करून तिच्यावर २०२० चे भाव लावलेत. ही यादी वर्षातून दोनदा बदलते. मधल्या काळात जे बुडाले, ज्यांचं बाजारमूल्य आटलं, जे बाजारातून उतरवले गेले, ते आजच्या यादीत नाहीतच. डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी घ्या. २१ सप्टेंबर २०१८ या एका दिवसात हा शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. २०२१ मध्ये कंपनी दुसऱ्याकडे गेली तेव्हा भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही. तुमच्या शीटमध्ये तो शेअर शोधा, सापडणार नाही. मागच्या काळाची परीक्षा घ्यायची तर त्या काळची यादी लागते. एनएसईच्या जुन्या परिपत्रकांत कोण आत आलं, कोण बाहेर गेलं ते मिळतं. वेळखाऊ काम आहे, पण तुम्हाला जमेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती चटकन दिसत नाही. तुमच्या शीटमध्ये भाव २३ मार्च २०२० चा आहे आणि पीई काढताना कमाई धरलीत ती मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाची. एरवी वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत द्यावे लागतात. त्या वर्षी कोविडमुळे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ही मुदत आधी ३० जून आणि मग ३१ जुलैपर्यंत वाढवली होती. म्हणजे तुमची शीट मार्चमध्ये बसून जुलैचं वाचत होती. दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक कमाईच्या आकड्यापुढे तो जाहीर झाल्याची तारीख लिहा आणि खरेदीच्या दिवशी जो आकडा बाहेर आलेला होता तोच धरा. निफ्टीच्या पीईवरून बाजार स्वस्त की महाग ठरवत असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. ३१ मार्च २०२१ पासून एनएसईने हिशोबाची पद्धत बदलली, एकट्या कंपनीऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित कमाई धरायला सुरुवात केली. एका फटक्यात पीई खाली दिसू लागला. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेत जोडू नका.

एवढं केल्यावर साडेतीन पट राहणार नाही. तरी काहीतरी चांगलं उरेल असा माझा अंदाज आहे. मग खरा प्रश्न वहिनींचा.

येस बँकेचं उदाहरण सविस्तर देते, कारण ते तुमच्या चाळणीतून अगदी आरपार जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरअखेर १८३ च्या जवळ आला. उच्चांकापासून निम्म्याहून जास्त घसरण, तुमची पहिली अट पूर्ण. आधीच्या आर्थिक वर्षाचा नफा सुमारे ४,२०० कोटी, म्हणजे शेअरमागे साधारण १८ रुपये. पीई १० च्या आसपास, दुसरी अटही पूर्ण. शेअर निफ्टी ५० मधला. एक्सेलने तो हिरव्या रंगात दाखवला असता. पण जाहीर माहितीत काय होतं? बँकेने दाखवलेली थकीत कर्जं आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेली थकीत कर्जं यांत २०१६-१७ साठी सहा हजार कोटींहून जास्त फरक होता, आणि हे २०१७ मध्येच जाहीर झालं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवली. शेअर निम्म्यावर आला तो याच बातमीच्या धक्क्याने. ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, खातेदाराला ५० हजारांवर रक्कम काढता येईना. त्याच वर्षी जुलैत बँकेने नवे शेअर विकले ते १२ रुपयांना.

यातली आणखी एक बाब स्टॉपलॉसवर (भाव ठरल्यापेक्षा खाली गेला की आपोआप विक्री) विसंबणाऱ्यांनी बघावी. पुनर्रचनेत शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. विकायचं ठरवलं तरी विकता येत नव्हतं.

तुम्ही तर बेदाण्याच्या सौद्याला बसता. पंधरा किलोचा बॉक्स स्वस्त पुकारला म्हणून कुणी डोळे झाकून घेत नाही. हात घालून बघता, ओल आहे का, रंग कुठे काळवंडलाय का, गंधकाचा वास किती. आवक वाढली म्हणून पडलेला भाव वेगळा आणि आतून ओल धरली म्हणून पडलेला वेगळा. शेअरमध्ये हात घालायची जागा म्हणजे ताळेबंद आणि कॅश फ्लो.

त्यासाठी तुमच्या शीटला तीन-चार रकाने जोडा. तुमच्या यादीतल्यासारख्याच दोन काल्पनिक कंपन्या घेते. दोन्ही ६० टक्के पडलेल्या, दोन्हींचा पीई ९. पहिलीचा व्याजाआधीचा कामकाजाचा नफा १२० कोटी, व्याज ८० कोटी. दुसरीचा नफा ६० कोटी, व्याज १० कोटी. पहिली मोठी आहे, नाव ओळखीचं आहे, म्हणून तुम्ही तिच्याकडे वळाल. आता मंदीत दोघींचा कामकाजाचा नफा निम्म्यावर आला असं धरा. पहिलीकडे उरले ६० आणि व्याज ८०. बँकेला द्यायला पैसे नाहीत, मग नवे शेअर विकून पैसा उभा करायचा किंवा मालमत्ता विकायची, दोन्ही पडत्या भावात. दुसरीकडे ३० उरले, व्याज १०, ती निवांत बसू शकते. बाजार सावरेपर्यंत जिवंत कोण राहणार, हे इतक्या साध्या भागाकारातून कळतं. व्याजाच्या किमान तिप्पट नफा, ही माझी रेघ. पडत्या काळात याखाली मी जात नाही.

पुढचा रकाना कामकाजातून आलेल्या रोख पैशाचा. नफा ३५ कोटी आणि रोख पैसा उणे २० कोटी असेल तर माल उधारीवर गेलाय, किंवा गोदामात पडलाय, किंवा नफा कागदावरचाच आहे. एका वर्षी असं होऊ शकतं, सलग दोन-तीन वर्षं होत असेल तर नाव खोडा. त्यानंतर प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे किती शेअर तारण ठेवलेत ते बघा. दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात ते येतं. भाव पडला की कर्ज देणारा तारण शेअर विकायला काढतो, त्याने भाव आणखी पडतो, मग आणखी विक्री. या चक्रात सापडलेला शेअर पीई ५ वरही स्वस्त नसतो. आणि मुदत संपायच्या आत लेखापरीक्षकाने राजीनामा दिला असेल तर पुढे काही तपासत बसू नका.

अजून नेमकं काही हवं असेल तर जोसेफ पिओट्रोस्की या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००० साली मांडलेली नऊ प्रश्नांची पद्धत वापरा. तुमच्या स्वभावाला ती चपखल बसेल, कारण सगळी हो-नाहीची उत्तरं आहेत. नफा आहे का? कामकाजातून रोख पैसा आला का? मालमत्तेवरचा परतावा गेल्या वर्षापेक्षा वाढला का? रोख पैसा नफ्यापेक्षा जास्त आहे का? दीर्घ मुदतीच्या कर्जाचं प्रमाण घटलं का? चालू देणी भागवायची ताकद सुधारली का? नवे शेअर काढले नाहीत ना? ढोबळ नफ्याचं प्रमाण वाढलं का? मालमत्तेच्या मानाने विक्री वाढली का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. त्यांनी १९७६ ते १९९६ चे अमेरिकन शेअर तपासले, तेही फक्त पुस्तकी किमतीच्या (ताळेबंदातल्या मूल्याच्या) मानाने स्वस्त असलेले, म्हणजे तुमच्या यादीसारखेच. त्यांतून जास्त गुणांचे वेगळे काढल्यावर वार्षिक परतावा निदान साडेसात टक्क्यांनी सुधारला. तुमच्या २६ पैकी सात किंवा त्याहून जास्त गुण किती जणांना मिळतात ते काढा. बँका आणि फायनान्स कंपन्यांना मात्र ही मोजपट्टी लावू नका, त्यांचा ताळेबंदच वेगळ्या जातीचा असतो. मी तर म्हणेन, या पद्धतीतून त्यांना वगळाच.

या चाळणीची किंमतही सांगायला हवी. मार्च २०२० मध्ये टाटा मोटर्स ६५ रुपयांच्या आसपास आला होता. कंपनी तोट्यात, डोक्यावर मोठं कर्ज. माझ्या चाळणीने तो पहिल्याच फेरीत बाहेर काढला असता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तोच शेअर ५०० च्या वर होता. असे शेअर हातचे जातील, आणि दरवेळी जातील. तळातून सगळ्यात मोठी उसळी कर्जबाजारी आणि तोट्यातल्या कंपन्याच घेतात, १६३ टक्क्यांच्या त्या आकड्यात त्यांचा मोठा हात आहे. पण मागे सगळा व्यवसाय समूह उभा असलेली कर्जबाजारी कंपनी आणि मागे कुणीच नसलेली कर्जबाजारी कंपनी एक्सेलला सारखीच दिसते. ज्याला एक-दोन शेअर शून्य झाले तरी चालतं, त्याने तो खेळ खेळावा. बागायतदाराने खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि का ते पैशांबद्दल बोलताना सांगते.

५२ आठवड्यांच्या उच्चांकापासून किती पडला, या एका आकड्याबद्दलही सावध करते. ८० टक्के पडलेला शेअर म्हणजे आधी ६० टक्के पडला आणि तिथून पुन्हा निम्मा झाला. शंभराचे चाळीस, चाळीसाचे वीस. ज्याने चाळीसला ‘आता किती पडणार’ म्हणून घेतला त्याचे अर्धे पैसे गेले. २००८ साली युनिटेक आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स घेणाऱ्यांनी प्रत्येक पायरीवर हेच म्हटलं होतं. दोन्ही तेव्हा निफ्टीत होते. बाजार नोव्हेंबर २०१० मध्ये जुन्या उच्चांकाजवळ परत आला, हे दोघे कधीच आले नाहीत. आधीच्या तेजीचे नायक पुढच्या तेजीत सहसा नसतात. म्हणून यादी एकाच क्षेत्राने भरली असेल तर थांबा. २००८ मध्ये अशी यादी बांधकाम आणि पायाभूत सुविधांनी भरली असती, २०१८ च्या शेवटी फायनान्स कंपन्यांनी. तुमच्या २६ मधली ९ नावं एका क्षेत्राची आहेत. एका क्षेत्रातून दोन, फार तर तीन, ही मर्यादा घाला.

आता कधी घ्यायचं. तळ ओळखायचा नादच सोडा, पण खिशातलं सगळं एका दिवशीही ओतू नका. मी तीन हप्त्यांचा नियम सुचवते. निफ्टी बंद भावाने उच्चांकापासून २० टक्के पडला की पहिला. निफ्टी ५०० मधले निम्मे शेअर आपापल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आले की दुसरा. खुद्द निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीवर महिनाभर टिकला की तिसरा.

हा नियम २००८ वर घासून बघू. २२ जानेवारी २००८ ला निफ्टी ४,८९९ वर बंद झाला, उच्चांकापासून २२ टक्के खाली. पहिला हप्ता गेला. मे महिन्याच्या सुरुवातीला निफ्टी ५,२०० च्या वर आला, सगळीकडे ‘सावरलं’ म्हणून बोलबाला. २७ ऑक्टोबरला २,५२४. पहिला हप्ता जवळजवळ निम्म्यावर. या वेळी उरलेले दोन हप्ते खिशात असणं हीच या पद्धतीची सगळी ताकद आहे. सावरणं खरं सुरू झालं ते २००९ च्या वसंतात. १८ मे २००९ ला निवडणुकीच्या निकालानंतर निफ्टी एका दिवसात १७ टक्क्यांहून जास्त वर गेला, अप्पर सर्किट (एका दिवसातल्या वाढीची मर्यादा) लागून दिवसभराचे व्यवहार बंद झाले. सगळी खात्री पटल्यावरच घेऊ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी संधीच मिळाली नाही. म्हणून पहिला हप्ता खात्रीआधी घालायचा.

२०२० मध्ये निफ्टीने २०० दिवसांची सरासरी ओलांडली ती जुलैत, १०,९०० च्या आसपास. तळापासून ४३ टक्के निघून गेले होते. तरी तिथून १८ ऑक्टोबर २०२१ च्या १८,४७७ पर्यंत जवळजवळ ७० टक्के बाकी होते. उशिरा आलेल्यालाही ताट वाढलेलं होतं. उलट सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ ची घसरण बंद भावाने १६ टक्क्यांवरच थांबली. माझ्या नियमाने तिथे पहिला हप्तासुद्धा सुटला नसता आणि पुढची तेजी बाहेर बसून बघावी लागली असती. नियम पाळायचा म्हणजे हेही सोसायचं. दर वेळी २० ऐवजी १५, १५ ऐवजी १२ करत गेलात तर नियम उरणार नाही.

विकायचंही आधीच लिहून ठेवा. माझ्या मते दोन कारणांनी विकावं. तिमाही निकालात व्याजाचा किंवा रोख पैशाचा निकष मोडला की भाव काहीही असो, बाहेर. आणि निकष टिकून असतील तर खरेदीपासून दीड-दोन वर्षांनी शेअर पुन्हा तपासायचा, स्वस्तपणा संपला असेल तर सोडायचा. दर महिन्याला यादी पालटत बसलात तर नफ्याचा मोठा तुकडा करात जाईल. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे, त्यावर उपकर वेगळा. बारा महिन्यांपुढे साडेबारा टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर.

आता नऊ लाखांचं. ऑक्टोबरात फळछाटणी. त्यानंतर दावण्या, भुरीसारखे रोग, औषधं, मजुरी, थंडीत अवकाळी आला तर फवारण्या दुप्पट. तुमच्याच पत्रातल्या हिशोबाने छाटणीपासून माल निघेपर्यंत साडेतीन लाख लागतात. सोसायटीचं दोन लाखांचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं, नाही तर व्याजाची सवलत जाईल. हे साडेपाच लाख शेअरमध्ये जाता कामा नयेत, एक दिवससुद्धा. बागायतदाराने शून्याचा धोका घेऊ नये असं वर म्हटलं ते यासाठी : तुमचा मूळ धंदाच एका रात्रीच्या पावसावर उभा आहे. बाजार आणि बाग एकाच वर्षी पडू शकतात, आणि अशा वर्षी शेअर तळाला विकून औषधं आणावी लागतात. आणखी दीड लाख बँकेत ठेव म्हणून ठेवा, एक हंगाम हुकला तर घर चालावं म्हणून. उरले दोन लाख. त्यातला एक लाख साध्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) घाला. बाजार सावरला तर तोही सावरतो, आणि त्यात येस बँक निवडली जाण्याची भीती एका शेअरपुरती, तीही थोड्या वजनाची. राहिलेला एक लाख तुमच्या पद्धतीला. बारा शेअर, प्रत्येकी आठ हजारांच्या आसपास, तीन हप्त्यांत. रक्कम छोटी वाटेल. पण एका पूर्ण चक्रातून, म्हणजे पडण्यापासून सावरण्यापर्यंत, ही पद्धत खऱ्या पैशांवर चालवून बघायला ती पुरते.

मित्राच्या एमटीएफला मात्र हात लावू नका. ब्रोकर तुमच्या पैशांत स्वतःचे घालतो, त्यावर रोज व्याज लावतो आणि घेतलेले शेअर त्याच्याकडे तारण राहतात. भाव पडला की आणखी पैसे भरा म्हणून निरोप येतो. नाही भरले तर तो शेअर विकून मोकळा होतो. निम्मे पैसे तुमचे आणि निम्मे त्याचे असतील तर २००८ सारख्या घसरणीत पहिल्या हप्त्यातलं तुमचं सगळं भांडवल संपलं असतं, आणि मे २००९ ला तुमच्या डीमॅटमध्ये काहीच उरलं नसतं. सावरण्यावर पैसे लावायचे तर सावरेपर्यंत टिकावं लागतं. उसनवारीवर घेतलेला शेअर किती दिवस धरायचा ते ब्रोकर ठरवतो.

शेवटी एक कागदी काम. तुम्ही लिहिलंय की शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तुम्ही आयकर रिटर्न भरत नाही. शेअरची खरेदी-विक्री सुरू झाली की भरा, तोटा झाला असेल त्या वर्षी तर नक्कीच, आणि मुदतीच्या आत. मुदतीत रिटर्न भरलं तर शेअरमधला तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. पहिला हप्ता निम्म्यावर आला तर हा तोटा पुढे कामाला येईल. सांगलीला सौद्यासाठी येणं होतंच, तेव्हा एखाद्या सीएला गाठून शेतीचं उत्पन्न आणि शेअरचा नफा एकत्र कसा दाखवायचा ते समजून घ्या. सुधारलेली शीट पाठवली तर मी नक्की बघेन. तारखा जाहीर झालेल्या निकालांच्या घाला आणि यादी २०२० ची.